आमच्या शाळेची तीन मूल्यं

शाळेला मूल्यं असतात हे मला एवढी वर्षं इतिहास शिकवूनही ठाऊक नव्हतं. शाळेला घंटा असते, पाण्याची टाकी असते, कायम गळणारा एक नळ असतो आणि वर्षातून एकदा येऊन त्या नळाकडे चिंतेने बघून जाणारे संस्थाचालक असतात, इतपत मला माहीत होतं. मूल्यंही असतात, आणि ती मीच शोधून द्यायची आहेत, हे मला मोठ्या बाईंनी मधल्या सुट्टीत सांगितलं. माझा अर्धा डबा तेव्हा खाऊन व्हायचा होता. तो तसाच राहिला.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. उंचीने त्या माझ्या खांद्याला लागतात, पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपणच खड्ड्यात उभे आहोत असं वाटतं. त्या कधी आवाज चढवत नाहीत. आवाज चढवण्याची पाळी ज्यांच्यावर येते ती माणसं आधीच हरलेली असतात, असं त्यांचं मत आहे, आणि त्या अजून हरलेल्या मी पाहिल्या नाहीत.

"पालकांना हल्ली मूल्यं लागतात," त्या म्हणाल्या. "समोरच्यांनी पाच लिहिलीत. आपली तीन तरी हवीत."

समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडची नवी शाळा. तिच्या सगळ्या भिंती काचेच्या आहेत. आमच्या वर्गातल्या मुलांना तिथली मुलं संगणकापुढे बसलेली दिसतात. तिथल्या मुलांना आमची दिसत नाहीत, कारण आमच्या फुटलेल्या तावदानांवर पत्रा ठोकला आहे, आणि पत्र्याच्या फटीतून बाहेर बघता येतं पण बाहेरून आत बघता येत नाही. ही शाळा सुरू झाल्यापासून आमचे प्रवेश घटत चालले होते. गेल्या वर्षी आठवीची एक तुकडी बंद झाली आणि तिच्याबरोबर चित्रकलेच्या बाई गेल्या. यंदा आणखी एक तुकडी गेली तर कोण जाणार, यावर शिक्षकखोलीत कोणी बोलत नसे. फक्त मी आत शिरलो की सगळे एकदम उकाड्याबद्दल बोलायला लागत.

"शनिवारी नव्या पालकांची सभा आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही शाळेची ओळख करून द्या. आपण काय मानतो, कसं शिकवतो. तुमची भाषा शुद्ध आहे. मग एक तास घेऊन दाखवा. फार काही नाही."

माणसाचा घात करणारी जी मोजकी वाक्यं आहेत, त्यात 'फार काही नाही' हे फार वरच्या जागेवर येतं. त्याच्या खालोखाल 'तुमची भाषा शुद्ध आहे' हे येतं. मला दोन्ही एका दमात ऐकवली होती. मी हो म्हणालो, आणि खरं सांगायचं तर जरा खूशही झालो. शिक्षकाचं कौतुक इतक्या क्वचित होतं की ते झालं की तो कागदपत्रं न वाचता सही करतो.

घरी आल्यावर मी ही बातमी सहज सांगितल्यासारखी सांगितली. आमच्या घरी त्या दिवसांत वेगळाच तंटा चालू होता. आमच्या कन्येची सातवी संपत आली होती आणि तिला माध्यमिक शाळेत कुठे घालायचं हे ठरत नव्हतं. माझं म्हणणं, माझ्या शाळेत. बायकोचं म्हणणं, काचेच्या शाळेत. बायको रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे रिपोर्ट हातात आल्याशिवाय तिचा कशावरही विश्वास बसत नाही. माझ्याशी लग्न करताना तिने हा नियम का मोडला, हे ती स्वतःलाच अधूनमधून विचारते.

"कुठली मूल्यं आहेत तुमची?" तिने विचारलं.

"ती ठरवायची आहेत."

"बाबा, तू रोज तिथं जातोस," कन्या म्हणाली, "मग तुला माहीत कशी नाहीत?"

आमची कन्या अशी आहे. ती कुठलीही गोष्ट खाली पडू देत नाही. तिला भाजी वाढली तरी ती हीच का केली म्हणून विचारते, आणि उत्तर पटलं नाही तर खाते पण पटलं नाही असं सांगून खाते. मला तिचा राग येतो आणि अभिमानही वाटतो, आणि दोन्ही एकाच वेळी वाटत असल्यामुळे मी बहुधा वर्तमानपत्र उघडतो. त्या दिवशीही उघडलं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे विमेवाले काका आले. काका निवृत्त झाले आहेत, पण विमा त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. आमच्या इमारतीत कोणाला नुसती शिंक आली तरी ते प्रथम त्याच्या बायकोकडे बघतात. त्यांच्या नातवालाही यंदा आठवीत घालायचं होतं, त्यामुळे विषय कानावर पडताच ते खुर्ची ओढून बसले.

"सर, मूल्यंबिल्यं सांगू नका," ते म्हणाले. "भीती सांगा. मी आयुष्यभर कोणाला विमा विकला नाही. मी लोकांना त्यांचा अपघात दाखवला. विमा त्यांनी आपणहून घेतला. तुम्ही पालकांना सांगा, की या शाळेत घातलं नाही तर मुलाचं काय होईल."

"काय होईल?"

"ते मी कशाला सांगू? तुम्ही फक्त वाक्य अर्धं सोडा आणि पाणी प्या."

दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत मी मूल्यांचा विषय काढला. शारीरिक शिक्षणाचे सर म्हणाले, शिस्त. रसायनवाल्या बाई म्हणाल्या, सुरक्षितता, आणि प्रयोगशाळेतला गॅसचा नळ गेल्या वर्षीपासून बंद होत नाही याची आठवण करून दिली. गणिताचे सर म्हणाले, कुठलीही तीन घ्या, पण लवकर घ्या. शेवटी मी घरी बसून आदर, जिज्ञासा आणि सत्य अशी तीन निवडली. मला ती मनापासून आवडली. मी वर्गात उत्तर कधी देत नसे. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं, मुलं कितीही चुळबुळली तरी थांबायचं, एवढी एकच कला मला येत होती, आणि ती या तिन्हींत बसते असं मला वाटलं. बाईंनी तिन्ही शब्द वाचले आणि म्हणाल्या, "छोटी आहेत. भिंतीवर मावतील."

भिंत म्हणजे शाळेचं रस्त्याकडचं कुंपण. समोरच्या शाळेला दिसावीत म्हणून मूल्यं तिथे रंगवायची ठरली. पेंटर आला. त्याने पहिल्या दिवशी 'आदर' इतका मोठा काढला की बाकीच्या दोघांना जागाच उरली नाही. जिज्ञासेला त्याने उरलेल्या भिंतीत कसंबसं कोंबलं, तरी शेवटचा 'सा' कोपऱ्यावरून वळून गल्लीत गेला. रस्त्यावरून येणाऱ्याला आमच्याकडे आदर आणि 'जिज्ञा' दिसे. 'सा' बघायला गल्लीत स्कूटरींच्या मागे जावं लागे. मी पेंटरला म्हटलं, हे पुसून नीट काढ. तो म्हणाला, "साहेब, ज्याला खरंच जाणून घ्यायचंय तो वळून बघेल." सत्य मग फाटकाच्या दुसऱ्या बाजूला काढलं.

रंग वाळायच्या आत नगर कार्यालयातून माणूस आला. रस्त्याकडेच्या भिंतीवर लिहायला परवाना लागतो म्हणे. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, कारण भाषा शुद्ध असलेला मीच होतो. माझे दोन तास दुसऱ्यांच्या गळ्यात बांधून मी कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. त्याचा चेहरा असा होता, की कुठल्याही बातमीने आपलं जेवण लांबू द्यायचं नाही असं त्याने लहानपणीच ठरवलं असावं.

"ही जाहिरात आहे की सूचना?" त्याने विचारलं.

"मूल्यं आहेत."

"तसा रकाना नाही. सूचनेला परवाना लागत नाही, जाहिरातीला लागतो. काय काय लिहिलंय?"

मी सांगितलं. त्याने डोळे मिटून विचार केला.

"आदर चालेल. 'शांतता राखा'सारखं झालं, सूचना धरू. जिज्ञासाही सूचनाच. पण सत्य कसं बसणार? तुमच्याकडे सत्य आहे असं तुम्ही म्हणताय. हा दावा झाला. दावा म्हणजे जाहिरात. पुरावे जोडावे लागतील."

"सत्याचे पुरावे?"

"तुमच्याकडे नसतील तर राहू द्या. पण मंजुरी येईपर्यंत झाकून ठेवा."

मी वाद घातला. मी इतिहासाचा शिक्षक आहे, मला वाद घालता येतो असा माझा समज होता. कारकुनाने माझं सगळं ऐकलं आणि शेवटी अतिशय मायेने म्हणाला, "सर, दोन पास झालीत ना? बाकीच्यांची एकही होत नाहीत." परत येऊन शिपायाकडून मी सत्यावर गोणपाट बांधून घेतलं.

आता राहिला तास. मी बाईंना म्हटलं, मी माझ्या नववीवर नेहमीसारखाच तास घेतो. तयारी नको. पालकांना दिसू दे आमचं शिकवणं.

"आणि कोणीच उत्तर दिलं नाही तर?"

"तर मी थांबतो. थांबलं की देतात."

"पालक थांबायला येत नाहीत, सर," बाई म्हणाल्या. "मुलं निवडा. प्रश्न ठरवा. कोण काय विचारणार, कोण काय बोलणार ते बसवून घ्या. आणि हो, ती वकीलबाई नको."

वकीलबाई हे नववीतल्या एका मुलीला शिक्षकखोलीने दिलेलं नाव. तिचे वडील चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. ती काही उर्मट नव्हती. ती फक्त हात वर करायची, आणि 'का' विचारायची, आणि उत्तर मिळाल्यावर 'हो, पण' असं म्हणायची. रसायनवाल्या बाई तिच्या वर्गावरच्या तासाआधी डोकेदुखीची गोळी घ्यायच्या. माझ्या वर्गात मात्र ती नसेल तर तास पुढे सरकत नसे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी बाईंना तसं सांगायला तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, "तुमची तुकडी टिकावी म्हणूनच चाललंय हे सगळं." मी तोंड मिटलं. पुढचे सगळे दिवस मी निवडक मुलांकडून कुतूहल पाठ करून घेतलं. 'राज्यं का बुडतात' हा विषय होता. कोणी कधी भुवया उंचवायच्या, कोणी 'अच्छा, म्हणजे' म्हणायचं, सगळं बसवलं. मुलं हुशार होती. दोन दिवसांत ती इतकी जिज्ञासू झाली की मलाच त्यांच्याकडे बघवेना. वकीलबाईला पालकांना शाळा फिरवून दाखवायचं काम मिळालं. तिलाही वाक्यं पाठ करायला दिली होती. ही प्रयोगशाळा, इथे आम्ही करून शिकतो. हे वाचनालय, इथे आम्ही विचार करतो. अशी.

शनिवारी पालक आले. अपेक्षेपेक्षा बरेच आले. समोरच्या शाळेचे प्रवेश भरले होते आणि उरलेले लोक इकडे वळले होते, हे मला नंतर कळलं. त्या सकाळी मी ते माझ्या मूल्यांच्या खात्यावर जमा केलं. विमेवाले काका सूनबाईंना घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. बायको तिसऱ्या रांगेत. तिने मला ओळख दाखवली नाही. सकाळीच तिने सांगितलं होतं, "मी आज तुझी बायको म्हणून येत नाहीये. पालक म्हणून येतेय."

मी बोलायला उभा राहिलो. आदरावर ठीक झालं. जिज्ञासेवरही ठीक झालं. सत्यावर आलो तेव्हा मागून एका गृहस्थांनी हात वर केला आणि फाटकाजवळ ते पोत्याखाली काय आहे असं विचारलं. मी म्हणालो, सत्य. ते म्हणाले, "ते का झाकलंय?" मी म्हणालो, मंजुरी यायची आहे. हॉलभर हशा पिकला. मी विनोद केला असं सगळ्यांना वाटलं. बाईंनीही स्मित केलं. मी काकांची शिकवण आठवून वाक्य अर्धं सोडलं आणि पाणी प्यायलो, पण मला ठसका लागला.

मग पालकांचे दोन गट केले. एक गट तास बघायला बसला, दुसरा वकीलबाईबरोबर शाळा बघायला गेला. बायको दुसऱ्या गटात गेली. मला तेव्हा बरंच वाटलं.

तास सुरू झाला आणि लक्षात आलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर ज्या मुलाला दिलं होतं तो आलाच नव्हता. त्याच्या आईने त्याला दाताच्या डॉक्टरकडे नेलं होतं. बाकीच्या मुलांना पाठ होतं ते क्रमाने. त्यामुळे मी 'राज्यं का' एवढं म्हणतो न म्हणतो तोच दुसऱ्या मुलीने हात वर केला आणि "अच्छा, म्हणजे करांचा बोजा वाढला म्हणून," असं खणखणीत उत्तर दिलं. मी अजून विचारलंच नव्हतं. तिसऱ्याने भुवया उंचावल्या. मी गडबडून पुढचा प्रश्न विचारला, तर त्याच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर आलं. शेवटपर्यंत मुलं माझ्या एक पाऊल पुढे होती आणि मी त्यांच्या मागून धावत होतो. सगळ्यात शेवटी एका मुलाने पल्लेदार आवाजात सांगितलं, "कारण राजाला खरं सांगायची दरबारात कोणाची हिंमत नव्हती." बाईंनी मान डोलावली आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. काका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पोरं फार हुशार आहेत हो. प्रश्नाची वाटसुद्धा बघत नाहीत." ते मनापासून बोलत होते की नाही हे मला आजही सांगता येणार नाही.

दुसरा गट परत आला तो गप्प. मला वाटलं, वाट लागली. पण एक बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचं वाचनालय बंद आहे, प्रयोग फळ्यावर होतात, हे सगळं त्या मुलीने आम्हाला सांगितलं. आम्ही पाच शाळा बघितल्या. खरं सांगणारं मूल इथेच भेटलं. ते इथे तयार होत असेल तर वाचनालयाचं बघता येईल." आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. या टाळ्या आधीच्यांपेक्षा निराळ्या होत्या. कान असलेल्याला ते कळत होतं. मोठ्या बाईंनी उभं राहून नम्रपणे मान लववली, जणू त्या मुलीला त्यांनी स्वतःच्या हाताने घडवलं होतं. त्या दिवशी जागच्या जागी इतके प्रवेश नक्की झाले की माझी तुकडी वाचलीच, बंद झालेलीही पुन्हा उघडायचं ठरलं.

घरी गेल्यावर मी बायकोची वाट बघत बसलो. ती आली, चप्पल काढली, पाणी प्यायली.

"मी त्या मुलीला विचारलं, इथे चांगलं कोण शिकवतं," ती म्हणाली.

"मग?"

"म्हणाली, इतिहासाचे सर. मग जरा थांबली आणि म्हणाली, म्हणजे शिकवायचे. पूर्वी ते प्रश्न विचारून थांबायचे. आता उत्तरं आधी वाटतात."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. एका आठवड्याचा मामला होता, वरून हुकूम होता, तुकडी वाचवायची होती. पण मी कोणीतरी परक्यानेच ओळख करून दिलेला माणूस असल्यासारखा बसून राहिलो. माणसाच्या मानाला असा ओरखडा आला की त्याला प्रथम राग त्या ओरखडा काढणाऱ्याचा येतो. मला तो त्या मुलीचा आला. मग तो ओसरला, आणि खाली जे राहिलं ते रागापेक्षा वाईट होतं.

"सोमवारी प्रवेश घेऊन टाकते," बायको म्हणाली. "तुझ्याच शाळेत."

"माझ्या भाषणामुळे?"

"तुझ्या भाषणात मी मोबाइल बघत होते. त्या मुलीमुळे. आपली पोरगी तिच्यासारखी झाली तर मला चालेल."

सोमवारी बायकोने प्रवेश घेतला. त्याच दिवशी बाईंनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर पेढीवरच्यासारखी टापटीप होती.

"ती वकीलबाई परिपाठाच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिच्याकडून बसवून घ्या."

"बाई, तिच्यामुळेच प्रवेश झाले."

"झाले, आनंद आहे. पण उद्या सगळीच बोलायला लागली तर? एकीचं कौतुक होतं, सर. साठ जणांचं होत नाही."

मी मधल्या सुट्टीत तिला रिकाम्या वर्गात बोलावलं. ती पहिल्या बाकावर बसली. मी फळ्यापाशी उभा राहिलो. म्हटलं, उद्या माफी मागायची आहे.

"कशाबद्दल, सर?"

"जे बोललीस त्याबद्दल."

"वाचनालय उघडं आहे का?"

"नाही."

"मग मी काय म्हणू? वाचनालय बंद आहे असं म्हटलं याबद्दल माफी मागते, असं?"

तिने हे चिडून विचारलं नाही. तिला खरोखर वाक्य कसं करायचं ते कळत नव्हतं. मलाही कळलं नाही. शुद्ध भाषेत ते वाक्य होईना. मी दोनदा जमवून पाहिलं. मग म्हटलं, तू डबा खा जा.

मी बाईंकडे गेलो आणि सांगितलं की मी तिला तयार करणार नाही, कारण ती खोटं बोललेली नाही.

"ती खोटं बोलली असं मी कुठे म्हटलं?" बाई शांतपणे म्हणाल्या. "खोटं बोलली असती तर प्रश्नच नव्हता."

एवढं बोलून त्यांनी पुढचं काम हाती घेतलं. मला वाटलं होतं वाद होईल, मी राजीनाम्याची भाषा करीन, त्या नरमतील. माझ्या मनात दोन चांगली वाक्यं तयारही होती. ती तशीच राहिली. आठवड्याभरात पुढच्या वर्षाचं वेळापत्रक लागलं. नववीचा इतिहास शारीरिक शिक्षणाच्या सरांकडे गेला. मला मिळाला नवा विषय, मूल्यशिक्षण, नव्या आठवीला, शेवटच्या तासाला. शिक्षकखोलीत सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. त्यांनी ते इतक्या सरळ चेहऱ्याने केलं की मी आभार मानले.

माफी काही झाली नाही. सुट्टी लागायच्या आधीच वकीलबाईचे वडील येऊन तिचा दाखला घेऊन गेले. काचेच्या शाळेने तिला आपणहून बोलावून घेतलं होतं. तिची कीर्ती रस्ता ओलांडून गेली होती. काचेची शाळा आमच्या आधीच सुरू झाली होती; आमची सुट्टी संपता संपता ती मला कोपऱ्यावर भेटली, नव्या गणवेशात. मी विचारलं, कशी आहे शाळा.

"छान आहे, सर. वाचनालय दिवसभर उघडं असतं."

"वा."

"फक्त तिथे बोलायचं नसतं," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडून गेली.

बायकोला मी हे सांगितलं नव्हतं. शाळा सुरू व्हायच्या दिवशी ती कन्येला सोडायला आली, फाटकाशी उभी राहून आत येणाऱ्या मुलींचे चेहरे बघत राहिली आणि म्हणाली, "ती दिसत नाही कुठे." मी म्हटलं, ती समोर गेली. बायकोने समोरच्या काचांकडे पाहिलं. त्यात आमचीच इमारत दिसत होती. मग कन्येच्या पाठीवरचं दप्तर सारखं केलं आणि कामाला निघून गेली.

शेवटच्या तासाला मी आठवीवर गेलो. बाईंनी प्रत्येक मूल्याची व्याख्या ठरवून दिली होती, ती फळ्यावर लिहायची आणि मुलांनी मोठ्याने म्हणायची. कन्या दुसऱ्या बाकावर बसली होती. मी व्याख्या लिहिली आणि मग, जुनी सवय म्हणा, वळून विचारलं, हे कोणाला पटत नाही का? आणि थांबलो. पुष्कळ थांबलो. चाळीस मुलं हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होती. कन्येच्या डोळ्यांत मला तो ओळखीचा खट्याळ प्रश्न येताना दिसला. तिने शेजारच्या मुलीकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं, आणि तीही घडी घालून बसली. मग सगळ्यांनी व्याख्या मोठ्याने म्हटली.

संध्याकाळी जेवताना बायकोने विचारलं, "काय गं, कसा झाला बाबाचा तास?"

मी घास हातात धरून वाट बघत होतो. मला वाटलं, आता येईल. कंटाळा आला म्हणेल, व्याख्या चुकीची आहे म्हणेल, बाबा, तू असं का शिकवतोस म्हणेल. मी त्यासाठी तयार होतो. मला ते हवं होतं.

कन्येने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"छान झाला," ती म्हणाली. "सरांनी छान शिकवलं."

आणि ती खाली बघून, काही न विचारता, ताटातली भाजी खायला लागली.